गाण्याआधीचे चार सेकंद

आमच्या चॅनलवर वर कोपऱ्यात एक लाल ठिपका असतो आणि त्याच्या शेजारी 'थेट' असं लिहिलेलं असतं. साफ खोटं आहे ते. थेट काहीच नाही. पेटीवाला मेला, तबलेवाला मेला, कंपनी काढणारे थोरले मालक तर कधीच मेले. माझी बायको गेली त्याला आता सात महिने होतील. तीसुद्धा दोन-तीन दिवसांतनं एकदा त्या लाल ठिपक्याखाली थेट गाते.

ते चॅनल चालवण्यात माझा हात होता, म्हणून हे लिहायला बसलो. माझं शिक्षण सातवी. अक्षर बरं आहे, बाकी सांभाळून घ्या.

मी निपाणीकडचा. शाळा सुटल्यावर मामानं बेंगळूरला आणलं, चिकपेटजवळ त्याचं शिलाईचं दुकान होतं. शिलाई मला जमली नाही. तिथनं दोन गल्ल्या सोडून एक गाण्यांची कंपनी होती, तिथं झाडायला लागलो. झाडता झाडता यंत्रं पुसायला लागलो आणि पुसता पुसता यंत्रावर बसलो. कंपनी लहान. कन्नड भजनं काढायची, आणि सीमेवरच्या लोकांसाठी मराठी गाणी. बारशाची, मंगळागौरीची, लग्नाची. चिकोडी, अथणी, निपाणीच्या बाजारात त्या कॅसेट खपायच्या.

माझं काम टेप कापायचं. गाणं मोठ्या रिळावर उतरायचं. दोन गाण्यांच्या मधे कुणी खोकतो, कुणी खुर्ची ओढतो, कुणी 'थांबा थांबा' म्हणतो. तेवढा तुकडा ब्लेडनं कापून टाकायचा आणि दोन टोकं पट्टीनं चिकटवायची. तिरकं कापायचं. सरळ कापलं तर जोडावर टक वाजतं. माझे जोड कधी वाजले नाहीत. तेवढा एक मान मला होता.

बायको त्याच कंपनीत मागं म्हणणाऱ्या चौघींतली. तिथंच ओळख झाली, तिथंच लग्न ठरलं. लग्नानंतरही ती यायची. बारशाच्या गाण्यांची कॅसेट चालू होती तेव्हा आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. मुख्य गाणाऱ्या बाईंचा गळा जेवणानंतर बसला. एक पाळणा राहिला होता. थोरले मालक काचेच्या अलीकडनं बायकोकडं बोट दाखवून म्हणाले, "तू म्हण गं. पाठ आहे ना?"

ती पुढच्या माइकपाशी गेली. त्या माइकसमोर एक खांब होता. रेकॉर्डिंग सुरू झालं की भिंतीवर लाल दिवा लागायचा, तो त्या खांबामुळं तिला दिसेना. बाई पहिल्यांदाच पुढं उभी. मी टेप सुरू केली होती. तिनं मान तिरकी केली आणि माइकमधनंच मला विचारलं, "अहो, लाल दिवा लागला का? मला इथनं दिसत नाही."

मी काचेमागं. टेप फिरत असताना बोलायचं नाही हा नियम. मी हात वर केला. तिनं हात बघितला आणि गायला लागली. एका दमात पाळणा झाला.

दोन दिवसांनी मी ते रीळ कापायला घेतलं आणि तो तुकडा कापायचा विसरलो. आता कुणी म्हणेल, प्रेमानं ठेवला असेल. तसं सांगता आलं असतं, ऐकायलाही बरं वाटलं असतं. पण खोटं कशाला? विसरलो. ते चार सेकंद गाण्याच्या आधी तसेच राहिले आणि त्यावरनं सगळ्या कॅसेट निघाल्या. बाजारात जाऊन पोचल्या.

थोरल्या मालकांनी गाडीत कॅसेट लावली तेव्हा त्यांना कळलं. सगळ्यांसमोर मला उभं केलं. "काय रे, संसार कॅसेटवर भरून विकतोस होय? उद्या भाजीत मीठ पडलं का, तेपण विचारून घे म्हणावं तिला." सगळे हसले. मी मान खाली घालून उभा. माझा जोड वाजला नव्हता, तर मी जोडच केला नव्हता. टेप कापणाऱ्याला याच्यासारखी शरम नाही.

घरी येऊन तिला सांगितलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, "चार गावच्या बाया आता विचारत बसतील, हिचा तो अहो कोण आणि बोलत का नाही!"

त्या कॅसेटवर तिचं नाव नव्हतं. मुख्य बाईंचं होतं, खाली 'आणि साथी'. आमच्याकडं एक होती. बारशाची कॅसेट, त्यामुळं ज्यांच्या घरी बारसं असेल ते येऊन घेऊन जायचे. येताना परत आणायचे. शेवटी कुणाकडं राहिली, आठवत नाही. आम्हाला ती लागायची वेळ आली नाही, म्हणून आम्हीही कधी शोधली नाही.

कॅसेटी संपल्या, सीड्या आल्या, त्याही संपल्या. कंपनी बंद झाली. रिळं सगळी हेब्बाळकडच्या एका गोदामात. मी एका अपार्टमेंटच्या गेटवर बसायला लागलो, मग तेही सुटलं. आणि तीनेक वर्षांपूर्वी थोरल्या मालकांच्या मुलाचा, धाकट्या मालकांचा फोन आला.

"अण्णा, आहात का?"

"अजून तरी आहे."

"गाणी सगळी मी एका कंपनीला चालवायला देतोय. सर्जापूर रोडला आहेत. चोवीस तास चॅनल. टेपमधलं तिथं कुणालाच कळत नाही. तुम्ही स्वल्प दिवस जाऊन बसाल का?"

मी दोन बस बदलून गेलो. दाताच्या डॉक्टरांच्या वरचा मजला. तीस-पस्तीस पोरं-पोरी कानात यंत्र घालून बसलेली, कुणी कुणाशी बोलत नाही. गाण्याची कंपनी आणि आत आवाज नाही, हे मी पहिल्यांदा बघितलं. माझ्यावर एक पुण्याची मुलगी होती, वयानं माझी नात शोभेल अशी. हुशार. ती मला काका म्हणायची आणि कॉफी स्वतः आणून द्यायची. तिच्याबद्दल मी वाईट लिहिणार नाही, तरी पुढं जे येईल ते येईल.

तिनं मला समजावलं. अशी चॅनलं ते बऱ्याच कंपन्यांसाठी चालवतात. गाण्यांची एक यादी करायची, ती संपली की पहिल्यापासून सुरू. पडद्यावर एक समई आणि फुलं, ज्योत तेवढी हलते. बाजूला ऐकणारे काहीबाही लिहीत असतात, ते वर सरकत राहतं. दिवसरात्र बंद पडायचं नाही.

"बंद पडलं तर?" मी विचारलं.

"लोक निघून जातात काका. परत सुरू केलं तरी परत येत नाहीत."

"आणि मग थेट कशाला लिहिता? रेकॉर्ड आहे की."

ती हसली. "आपण पाठवतोय ते थेट आहे ना. गाणं जुनं, पाठवणं थेट."

असल्या बोलण्यावर पगार मिळतो आता.

त्यांचा एक नियम होता. दोन सेकंदांपेक्षा जास्त शांतता झाली की यंत्र ओरडायचं. त्याला वाटायचं चॅनल बंद पडलं. म्हणून गाण्यांच्या आधीची, मधली, शेवटची सगळी रिकामी जागा काढून टाकायची. गाणारा श्वास घेतो, तोसुद्धा लांब असेल तर काढायचा. माझं काम ऐकायचं आणि कागदावर लिहायचं. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, लांबी, आणि काय काढायचं ते. खोकला. खुर्ची. बोलणं. ती मुलगी कॉम्प्युटरवर तेवढं उडवायची. ब्लेड नाही, पट्टी नाही, तिरकं नाही. बोटाचं एक टिचकं. आणि जोड वाजायचा नाही, हे मात्र कबूल करायला पाहिजे.

मला ते काम आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीला पाठ होती आणि मी म्हणेन तसं होत होतं. मी फार कडक ऐकायचो. पेटीचा भाता सुस्करला तरी लिहायचो. मुलगी म्हणायची, "काका, एवढं कुणाला ऐकू येत नाही." मी म्हणायचो, "मला येतं."

एक दिवस बारशाचं रीळ आलं. पाळणा लागला. सुरसुर, आणि मग बायकोचा आवाज. लाल दिवा लागला का.

त्या वेळी बायको घरी होती, जिवंत. सकाळीच भाजीवरनं भांडून आलो होतो. मला तिचा आवाज ऐकून काही झालं नाही. मला थोरले मालक ऐकू आले. संसार कॅसेटवर भरून विकतोस होय? मी पेन उचललं आणि लिहिलं, 'बोलणं, चार सेकंद, काढा.' खाली रेघ ओढली, एकाऐवजी दोन. एवढ्या वर्षांची चूक दुरुस्त केली, म्हणून त्या दिवशी मी बसमध्ये खुशीत होतो. मूर्खाला आणखी काय लागतं.

एक मात्र केलं. गाणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात तिचं नाव घातलं. पूर्ण, माझ्या नावासकट. मुलीनं विचारलं, "काका, या कोण?" मी म्हटलं, "आमच्यातल्याच एक."

चॅनल सुरू झालं. शेजारच्या अक्कांच्या टीव्हीवर ते दिसायचं. मी बायकोला सांगितलं, तुझं गाणं लागणार, नावासकट. ती दोन दिवस अक्कांच्या घरात ठाण मांडून बसली. भाजी निवडायची तिथंच, डुलकी काढायची तिथंच. अक्का कन्नडमध्ये तिला चिडवायच्या, "सिनेमा नटी आली गं बाई, खुर्ची पुसा!" यादी फिरत फिरत तिसऱ्या दिवशी दुपारी तिचं गाणं आलं. मी पण होतो. पडद्यावर तिचं नाव आलं. पेटी वाजली आणि गाणं सुरू झालं.

ती नावाकडं बघत नव्हती. कान देऊन ऐकत होती. गाणं संपलं तरी ऐकत होती.

घरी आल्यावर म्हणाली, "त्याच्या आधीचं कुठं गेलं?"

"कशाच्या?"

"मी विचारलेलं. दिव्याचं."

"ती चूक होती. काढली."

"कुणी?"

"मी."

तिनं गॅस बारीक केला. चहा गाळला. कप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "बरं केलंत." मला वाटलं विषय संपला. बशी उचलली तेव्हा ती आत जाता जाता बोलली, "चाळीस वर्षं झाली, उत्तर दिलं नाहीत. आता प्रश्नच काढून टाकलात."

मी म्हटलं, "हात वर केला होता की."

"हात कॅसेटवर येतो होय?"

त्यावर मी हसलो. तीही थोडी हसली. पण परत कधी ती अक्कांच्या घरी ते चॅनल बघायला गेली नाही. अक्कांनी हाक मारली तर म्हणायची, गुडघा दुखतोय.

गुडघा नव्हे, काळीज होतं. दम लागायचा. कुणाचा दोष नाही, डॉक्टरांनी त्यांचं केलं. एका सकाळी ताटात पोहे घेतलेले तसेच राहिले.

तेरा दिवस झाले. येणारे येऊन गेले. घरात फोटो आहेत, तिची लुगडी आहेत, चष्मा आहे. फोटो बोलत नाही. माझा फोन साधा, बटणांचा. तिला फोन आवडायचा नाही, दोन वाक्यांत ठेवायची. कुठं काही रेकॉर्ड करावं असं आम्हाला वाटलं नाही. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज साठवले, घरचा एक साठवला नाही. गाणं होतं, पण गाण्यात ती नसायची. गाताना ती बाकीच्यांसारखीच गायची, नीट, सुरात. मला ती बोलताना पाहिजे होती. 'अहो' म्हणताना पाहिजे होती. आणि सगळ्या जगात ते एकाच ठिकाणी होतं, आणि तिथनं मी ते दोन रेघा ओढून काढलं होतं.

मी सर्जापूर रोडला गेलो. मुलीला सांगितलं, त्या बाई माझ्या बायको होत्या. मूळ फाइल दे.  ती बिचारी कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधत बसली.

"काका, मूळ फाइल आम्ही तीन महिने ठेवतो. मग आपोआप जातात. जागा भरते ना."

"आणि रीळ?"

"रिळं सरांनी परत नेली."

तिथनंच धाकट्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "अण्णा, गोदाम सोडलं की मी. एकदा कॉम्प्युटरवर चढल्यावर ती रिळं कोण सांभाळणार? सगळं भंगारात गेलं. तुम्ही तेव्हाच बोलला असता तर..."

मुलीनं तो कागद काढून दाखवला. तिनं जपून ठेवला होता. "काका, मला वाटलं तुम्हीच लिहिलंय म्हणजे..." माझंच अक्षर. काढा. दोन रेघा. तिला वाटलं असेल मी रडेन. मी म्हटलं, "अक्षर चांगलं आहे ना?" आणि खाली उतरलो. दाताच्या डॉक्टरांच्या दारात एक माणूस गाल धरून बसला होता. त्याच्याकडं बघून मला बरं वाटलं, खरं सांगतो.

काम सोडलं. घरात बसलो. अक्का डबा द्यायच्या. दोनेक महिन्यांनी मुलीचा फोन आला.

"काका, आज बाजूच्या कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलंय. वाचून दाखवते. 'पाळण्याच्या आधी बाई दिव्याचं विचारते ते का काढलं? आमच्या कॅसेटात आहे.' अथणीजवळचे आहेत."

मी म्हटलं, "त्याला विचार, कॅसेट आहे का अजून?"

"विचारलं. आहे म्हणाले. मी त्यांना सांगितलं तुमचं. ते मोबाइलवर रेकॉर्ड करून आजच टाकणार आहेत. मी तुमच्या शेजारच्या अक्कांच्या फोनवर लिंक पाठवते."

अक्कांच्या फोनवर लिंक आली तेव्हा त्या पीठ मळत होत्या. हात पुसेपर्यंत मला धीर नव्हता. त्यांनी लिंक दाबली. काळा पडदा. वर लिहिलं होतं की हे आता उपलब्ध नाही.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, कुणीही आमचं गाणं टाकलं की यंत्र ओळखतं आणि उडवतं. माणूस लागत नाही, आपोआप होतं. यंत्राला कसं कळतं? तर प्रत्येक गाण्याचा आवाज आणि माहिती आधी भरून दिलेली असते. नाव, गाणाऱ्याचं नाव, लांबी. म्हणजे माझे कागद. माझ्या बायकोची ओळख त्या यंत्राला मीच करून दिली होती, आणि त्यानं मलाच दारातनं हाकललं.

धाकट्या मालकांनी परवानगी दिली असती तर परत लागलं असतं. मी फोन केला.

"अण्णा, ते मशीन आहे हो. मशीनला तुमची बायको काय ठाऊक?"

"तुम्हाला तर ठाऊक आहे. तिच्या हातची शेंगाची चटणी खाल्लीत."

"सरी, सरी. बरं, बघतो."

बघितलं नाही.

मग मुलीनं त्या अथणीच्या माणसाचा नंबर दिला. मी लावला. चांगला माणूस, साखर कारखान्यात कारकून. म्हणाला, "अण्णा, त्यात काय? थांबा, फोनवरच लावून ऐकवतो." पलीकडं खटपट ऐकू आली. मी ओरडलो, "लावू नका!"

"का हो?"

"त्या दिवशी रेकॉर्ड केली तेव्हा नीट वाजली?"

"दोनदा अडकली. पेन्सिलीनं फिरवून काढली."

"आता हात लावू नका. यंत्र टेप खाईल. मी येतो."

जुनी टेप वर्षानुवर्षं पडून राहिली की थर थराला चिकटतो. टेपरेकॉर्डरचं रबरी चाक सुकून कडक झालेलं असतं. त्यात टेप गुंडाळली गेली की संपलं. हे एक तरी मला कळत होतं. पिशवीत स्पिरिट, कापूस, ब्लेड, चिकटपट्टी, बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि दुसरी एक बिनकामाची कॅसेट घेतली आणि बस धरली. अक्का म्हणाल्या, "या वयात एवढ्या लांब, चार सेकंदांसाठी?" मी म्हटलं, "तुम्ही हिशोब नका करू."

त्यांचं घर उसाच्या मळ्याला लागून. कारकून, त्याची बायको, दोन पोरं, धाकटा भाऊ, आणि त्यांची आई, माझ्याच वयाची, बाजेवर बसलेली. ती कॅसेट कारकुनाच्याच बारशाला आणलेली. चहा दिला. मी चहा तसाच ठेवून कॅसेट उघडली. टेपच्या मागं एक लोकरीची इवलीशी गादी असते, ती निखळली होती. म्हणून आवाज दबला असता. माझ्या बिनकामाच्या कॅसेटमधली काढून बसवली. टेप हातानं पूर्ण पुढं फिरवली, पूर्ण मागं फिरवली, चिकटलेली सुटी केली. टेपरेकॉर्डरचं तोंड स्पिरिटनं पुसलं. तासभर गेला. पोरं भोवती बसून बघत होती.  

सगळं घर गोळा झालं. मी बटण दाबलं. सुरसुर आली. ती सुरसुर मला पाठ आहे. मी डोळे मिटले.

आणि सगळं घर एका आवाजात ओरडलं, "अहो, लाल दिवा लागला का? मला इथनं दिसत नाही!" पोरं, सून, भाऊ, सगळे. हेल काढून. आणि बाजेवरनं म्हातारी ओरडली, "लागला, म्हण बाई!" आणि सगळे हसले. पाळणा सुरू झाला.

माझ्या बायकोचं एक अक्षर मला ऐकू आलं नाही.

मी बटण दाबून बंद केलं आणि ओरडलो, "गप बसा की रे! काय जत्रा आहे का ही?" दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या कॅसेटपुढं बसून. धाकटं पोर आईच्या मागं लपलं.

कारकून म्हणाला, "अण्णा, चुकलं. सवय आहे आम्हाला. लहानपणापासून." मग तो सांगायला लागला. त्यांच्या घरात काहीही सुरू करायचं असलं की कुणीतरी हे विचारतं. पंगत बसली की, ट्रॅक्टर सुरू करताना, पोरं परीक्षेला निघताना. एक जण विचारणार, बाकीचे म्हणणार, लागला. वडलांना ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा त्यांनी गाडीवर पडल्या पडल्या आईला विचारलं, लाल दिवा लागला का. आई म्हणाली, लागला, या जाऊन. ते परत आले नाहीत.

म्हातारी माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "ती विचारते आणि कुणी उत्तरच देत नाही. बाळंतिणीच्या खोलीत पडल्या पडल्या मी ऐकायची, मला वाईट वाटायचं. म्हणून मीच द्यायला लागले. तिचा नवरा काय ठोंब्या होता का हो?"

कारकून म्हणाला, "अगं आई, हेच ते..."

मी म्हटलं, "होय. ठोंब्याच होता."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मग सगळ्यांना हातानं बाहेर जा म्हणाली, स्वतःही काठी टेकत ओसरीवर जाऊन बसली. मी टेप मागं घेतली आणि एकट्यानं ऐकलं.

तो तिचाच आवाज होता आणि नव्हताही. चोवीस वर्षांची बाई बोलत होती, घाबरलेली, आवाजात दम असलेली. मला पाहिजे होती ती मागच्या वर्षीची, दम लागणारी, 'अहो' म्हणताना अर्ध्यात थांबणारी. ती कुठल्याच टेपवर नाही. हे मला बसमध्ये कळायला पाहिजे होतं, इतका काही मी बावळट नाही. तरी ऐकलं. तिचा प्रश्न संपतो आणि पेटी वाजायच्या आधी थोडं रिकामं जातं. त्या रिकाम्यात माझा हात वर आहे. बायको म्हणाली ते खरं. हात टेपवर येत नाही.

निघताना त्यांनी कॅसेट मला देऊ केली. नको म्हणण्याइतका मी मोठा माणूस नाही. घेतली. म्हातारी म्हणाली, "न्या. आम्हाला पाठ आहे."

परत आल्यावर मुलीचा फोन आला. "काका, मिळालं ना? आम्हाला द्याल का? लोक विचारतायत, मूळचं म्हणून लावू. सरांनी पण हो म्हटलंय." तेव्हा हो म्हणायला त्यांना दोन मिनिटं लागली नाहीत.

मी म्हटलं, "गाणं मालकांचं आहे, ते त्यांनी वाजवावं. आधीचे चार सेकंद तुम्ही काढलेत. काढा म्हणणारा मीच, काढणारे तुम्ही. काढून टाकलेलं परत मागू नये."

ती म्हणाली, "सॉरी काका." मी म्हटलं, "जेवलीस का?" आणि फोन ठेवला.

कॅसेट कपाटात आहे, तिच्या लुगड्यांत. आजवर तीनदाच लावली. दर वेळी टेप यंत्राच्या तोंडावर घासते, थोडी थोडी झिजते, हे मला कुणी सांगायला नको. तिसऱ्या वेळी मी ठरवून बसलो होतो की आपण उत्तर द्यायचं. ती म्हातारी देते, शेंबडी पोरं देतात, मी का नाही. तिनं विचारलं. मी आधी खाकरलो, आणि म्हणालो, "लागला."

तोवर तिनं गायला सुरुवात केली होती.